आधी कागद, मग पाना

अगं, 'ताई, रविवारी मिस्त्री येतोय, इंजिन खोलायचं ठरलंय' असा मेसेज टाकून तू झोपून गेलीस आणि इकडे माझी झोप उडाली. ठरलंय म्हणजे ठरवलं कुणी गं? तू, नवऱ्याने, दिराने, की त्या मिस्त्रीने? मला वाटतं, चौथ्यानेच. बाकी तिघं मान डोलावून मोकळे झाले.

तर ऐक. रविवारी त्याला चहा पाज, अप्पांची जुनी फियाट डिलाइट दाखव, बॉनेट उघडू दे. पण इंजिन खोलायला पाना हातात घेऊ देऊ नकोस. घाबरू नकोस, गाडी कुठे पळून जात नाहीये. १९७० पासून ती तुमच्या घरी आहे, द्वारकेच्या पार्किंगमध्ये आणखी दोन महिने उभी राहील. तुला वाटतंय की आपल्याला इंजिनातलं काही कळत नाही, म्हणून सगळं दुसऱ्यांच्या हाती जाणार. बघ, तू बँकेत दिवसभर काय करतेस? कागद तपासतेस, आकडे जुळवतेस, सही करण्याआधी तीनदा विचारतेस. इंजिन बांधायच्या कामाचा निम्मा भाग तोच आहे. उरलेला निम्मा मिस्त्रीचा.

तू पुण्यात किंवा नाशकात असतीस तर मी तुला थेट विचारलं असतं की बोअर किती झिजलाय. दिल्लीत मात्र आधी आरसीवरची तारीख विचारावी लागते. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना एनसीआरच्या रस्त्यावर बंदी, हे राष्ट्रीय हरित लवादाचे, म्हणजे एनजीटीचे, २०१४ आणि २०१५ चे आदेश. सुप्रीम कोर्टाने ते ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केले. मग २०२५ मध्ये जी धावपळ झाली ती तू पाहिलीच आहेस. १ जुलैपासून जुन्या गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही असं निघालं, ते काही दिवसांतच थांबलं, ऑगस्टमध्ये कोर्टाने सक्तीची कारवाई नको म्हटलं आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतंच ठेवलं. अप्पांची डिलाइट बीएस-४ नाही गं, ती बीएस हा शब्द जन्माला येण्याआधीची आहे. म्हणजे साध्या जुन्या गाडीच्या नात्याने तिला इथे रस्ताच नाही. इंजिनावर कितीही पैसे ओतलेस तरी नाही.

पण एक दार उघडं आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांचं प्रकरण घातलं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. अर्ज परिवहन पोर्टलवर. नवी नोंदणी वीस हजार रुपये, त्यानंतरची पुनर्नोंदणी पाच हजार, मुदत दहा वर्षं. नव्या नोंदणीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. १९७० ची नोंद असेल तर तुझी गाडी वयाने केव्हाच पास झाली. त्यामुळे आज पहिलं काम एकच, अप्पांच्या कपाटातून ती जुनी आरसी शोध. पिवळी पडलेली असो, वाळवीने कोपरा खाल्लेला असो, मिळू दे फक्त.

आणि आता मुद्द्याची गोष्ट, जी तुझ्या दिराला अजिबात आवडणार नाही. त्याच नियमात लिहिलंय की गाडीत मोठा फेरफार झालेला नसावा, आणि त्यात चासी, बॉडी शेल आणि इंजिन या तिन्हींची नावं घेतली आहेत. तू लिहिलंयस की भाऊजी म्हणतात, 'मारुतीचं १३०० सीसीचं टाकू, एसीसुद्धा बसेल.' दुसरं कुणीतरी ११८ एनईचं इंजिन सुचवतंय, कारण डिलाइटसारखी तीही प्रीमियर कंपनीचीच गाडी. प्रीमियरचीच, पण तिच्यात निसानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं. हे बसवायचं म्हणजे माउंटिंग कापायचं, गिअरबॉक्स बदलायचा, जोडणीसाठी गिअरबॉक्सवरच्या बोगद्यात वेल्डिंग करायचं. एकदा कापलं की ती गाडी विंटेज उरत नाही, आणि विंटेज नसली तर एनसीआरमध्ये ती भंगारात जमा. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. आरसीवर जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल मालकाने परवानगीशिवाय करायचा नाही.

म्हणून माझं मत अगदी सरळ आहे. दिल्लीत तुझ्या मनासारखं इंजिन करायचं असेल तर ते त्याच ब्लॉकमध्ये करायचं, ज्याच्यावरचा नंबर आरसीवर आहे. बाहेरून तेच, आतून नीट मोजून, विचार करून बांधलेलं. भाऊजींना सांग की ताईशी फोनवर बोला, मी बघून घेते त्यांना.

तर आधी ब्लॉकवरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळतो का ते बघ. ग्रीस आणि धूळ इतकी साचलेली असते की नंबर दिसतच नाही. रॉकेल आणि जुना टूथब्रश घे, घासून काढ, उजेडात फोटो काढ. नाही जुळला तर? खरं सांगू का, पुष्कळ घरांत नाही जुळत. ऐंशीच्या दशकात कुणीतरी ब्लॉक बदललेला असतो आणि आरसीवर नोंद कुणी केलेली नसते. तसं निघालं तर एकही पार्ट विकत घेण्याआधी आरटीओत जाऊन विचार, लेखी विचार. इंजिनाचं काम कुठपर्यंत चालतं हेही त्याच वेळी विचारून घे. झिजलेल्या जागी त्याच जातीचा पार्ट घालणं वेगळं आणि इंजिन बदलणं वेगळं, असं मला वाटतं. पण मला काय वाटतं यावर शिक्का बसत नाही ना! आणि कामाआधीचे फोटो, बिलं, मोजमापं सगळं एका फाइलमध्ये. ते तुला मी काय शिकवणार?

आणखी एक, विंटेज गाडी रोजच्या वापराला चालत नाही. रॅली, प्रदर्शन, तिथवर जाणं-येणं, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे तू तिच्यातून ऑफिसला जाणार नाहीस, पोरांना क्लासला सोडणार नाहीस. हे ऐकून तुझा चेहरा पडला असणार, मला इथून दिसतोय. पण याच्यामुळेच इंजिनाचा बेत सोपा होतो बघ. तुला महामार्गावर शंभरने पळणारं इंजिन नकोच आहे. तुला हवंय ते फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होणारं, रॅलीत एक-दोनच्या गिअरमध्ये रांगताना न तापणारं, मागच्याच्या तोंडावर निळा धूर न सोडणारं इंजिन. द स्टेट्समनची जुन्या गाड्यांची रॅली दिल्लीत १९६४ पासून होते आहे, आणि योगायोग बघ, डिलाइट मॉडेलही १९६४ चंच. एवढं ध्येय कागदावर लिही आणि फ्रिजवर चिकटव. मिस्त्री किंवा नवरा 'जरा पिकअप वाढवू या' म्हणाला की फ्रिजकडे बोट दाखव.

आता इंजिनाकडे येऊ. तुझ्या डिलाइटमध्ये १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, क्रँकला आधार देणारी मेन बेअरिंग तीनच. ताकद चाळीसेक हॉर्सपॉवर. हसू नकोस. याच इंजिनाने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ओढल्या. वालचंद हिराचंद, आपले सोलापूरचे, त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात डिलाइट झाली, तिचीच पुढे प्रेसिडेंट झाली, मग पद्मिनी. सोसणारं इंजिन आहे गं, फक्त त्याला तापवायचं नाही. बिडाच्या ब्लॉकवर अॅल्युमिनियमचं हेड म्हणजे एकदा पाणी संपलं आणि तसंच चालवलं की हेड वाकतं, गॅस्केट उडतं.

रविवारी मिस्त्रीकडून खोलण्याऐवजी तपासणी करून घे. इंजिन सुरू होत असेल तर गरम कर, चारही प्लग काढायला सांग, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धर आणि एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायला लाव. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे बघायचं. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर काहीतरी आहे. जो कमी त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलाय. नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारशेजारचे दोन्ही कमी असतील तर दोघांमधलं गॅस्केट. बघ, अर्ध्या तासात कळतं की काम अख्ख्या इंजिनाचं आहे की नुसतं हेड उतरवून भागेल. मिस्त्री 'मैडम, फुल इंजन करना पड़ेगा' हे न मोजताच म्हणाला, तर त्याला दुसऱ्यांदा चहा देऊ नकोस.

अनेक वर्षं बंद पडलेली असेल तर थेट सेल्फ मारू देऊ नकोस हं. प्लगच्या भोकांतून थोडं थोडं ऑइल सोडायचं, रात्रभर ठेवायचं आणि मग हाताने फिरवून बघायचं. अडकलं तर जोर नाही लावायचा.

समज, खोलावंच लागलं. मग खोलण्याआधी घरातली एक खोली, नाहीतर बाल्कनी, मोकळी कर. झिपच्या पिशव्या, कागदी चिकटपट्टी, जाड मार्कर आण. प्रत्येक पुशरॉड, प्रत्येक टॅपेट, प्रत्येक बेअरिंगची टोपी कुठल्या नंबरची ते लिहून ठेवायचं, कारण हे भाग आपापल्या जागी झिजलेले असतात आणि परत तिथेच बसायला हवेत. मिस्त्री एका घमेल्यात सगळं टाकतात आणि म्हणतात, 'याद है मुझे.' नसतं गं लक्षात. मी फीलर गेज पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते नखं घासायचं काहीतरी वाटलं होतं, तरी मी हे सगळं करू शकले. तू माझ्यापेक्षा दहा पट व्यवस्थित आहेस.

मग मोजमापं. इथेच खरी इंजिनाची आखणी होते, आणि इथेच सगळे घाई करतात. प्रत्येक सिलिंडर बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली मोजायचा, उभा आणि आडवा. म्हणजे कळतं तो किती निमुळता झालाय, किती लंबगोल झालाय. क्रँकचे जर्नल मायक्रोमीटरने. हेड सरळ आहे का ते पट्टी ठेवून खालून फीलर गेज सरकवून. हेडला भेग आहे का ते दाब देऊन. सगळे आकडे तुझ्या हस्ताक्षरात तुझ्या वहीत. मशीनशॉपवाला 'ठीक है' म्हणेल. ठीक है हा आकडा नाही, त्याला मिलिमीटर विचार.

बोअरिंगचं सांगते. तिथे 'बीस साइज़, चालीस साइज़' असं बोलतात, म्हणजे इंचाचे वीस किंवा चाळीस हजारांश वाढीव. वीस म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. आता गंमत बघ. बोअर ६८ चा अख्ख्या एका मिलिमीटरने ६९ केलास तरी १०८९ सीसीचे ११२२ होतात. म्हणजे जेमतेम तीन टक्के. तेवढ्याने पिकअप वाढत नाही, फक्त सिलिंडरची भिंत पातळ होते आणि पुढच्या वेळचा साइझ आजच खर्च होतो. म्हणून जितक्या कमी वाढीने बोअर साफ निघतो तेवढीच वाढ. शेवटच्या साइझलाही साफ होत नसेल तर स्लीव्ह ठोकून परत मूळ मापावर यायचं. आणि हे अगदी अधोरेखित कर: पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करायचं नाही. पिस्टन मशीनशॉपमध्ये नेऊन द्यायचा, तो मोजून त्याच्या कंपनीने सांगितलेली फट ठेवून बोअर मारायचा. आधी चाळीसने बोअर मारला आणि मग कळलं की चाळीसचे पिस्टन कुठेच मिळत नाहीत, तर ब्लॉक घेऊन बसशील रडत.

आता तुझ्या आवडीचं, स्वयंपाकघरातल्या हत्यारांचं काम. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा आहे ना केकचा? चारही पिस्टन पिनसकट त्यावर तोल, मग चारही कनेक्टिंग रॉड. सगळ्यांत हलका जो असेल त्याच्या बरोबरीला बाकीचे आतून किंचित घासून आणायचे. घासायचं कुठे ते मशीनशॉपवाल्याने ठरवायचं, तू फक्त वजनं लिही. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लच प्लेटचं कव्हर एकत्र जोडून मशीनवर बॅलन्स करून घे. तीन मेन बेअरिंगच्या क्रँकला याचा फार फायदा होतो. गाडी जोरात पळत नाही, पण हातातल्या स्टिअरिंगला कंप येत नाही. पैसे घालायचेच असतील तर इथे घाल, क्रोमच्या रॉकर कव्हरवर नको.

दुसरं, कॉम्प्रेशन. मिस्त्री हेड 'फेस' करून आणतो आणि कुणी विचारत नाही की किती काढलं. प्रत्येक वेळी थोडं काढलं की चेंबर लहान होतो आणि कॉम्प्रेशन चढतं. पन्नास वर्षांत किती जणांनी घासलंय कोण जाणे. म्हणून मोज. हेड उलटं ठेव, प्लग आणि व्हॉल्व्ह बसवलेले, कडेला ग्रीस लावून वर अॅक्रिलिकचा भोक पाडलेला तुकडा दाब, आणि औषधाच्या मोठ्या सिरिंजने रॉकेल भर. किती मिलिलिटर मावलं ते चेंबरचं आकारमान. गॅस्केटच्या जाडीची आणि पिस्टनच्या वरची जागा त्यात मिळवायची. तुझ्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन खालीवर होतो तेवढी जागा २७२ सीसी आहे. वरची एकूण जागा समज ४० सीसी निघाली, तर ३१२ भागिले ४०, म्हणजे ७.८. तीच घासून घासून ३४ वर आली असेल तर ९. जूनमध्ये ४५ अंशांत रॅलीला निघालीस आणि ९ ने इंजिन खडखडलं, तर पिस्टनचं काही खरं नाही. चारही चेंबर सारखे असणं हे आकडा मोठा असण्यापेक्षा महत्त्वाचं. कमी निघाली जागा तर जाड गॅस्केट शोधायचं, नाहीतर दुसरं हेड.

कॅमशाफ्ट? नको. रेसिंग कॅम टाकला की ताकद वरच्या फेऱ्यांना जाते आणि खाली गाडी धडधडते. तुला खालीच चालवायची आहे. एक्झॉस्टला खणखणीत आवाज? तोही नको, सोसायटीचे सेक्रेटरी आधीच टपून बसलेत. पॉइंटच्या जागी डिस्ट्रिब्यूटरच्या आत लपणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालायला मात्र माझी हरकत नाही, कारण ते पुन्हा काढून पॉइंट बसवता येतात. माझा मापदंड हाच: जे परत काढता येतं ते करून बघ, आणि काढलेला मूळ भाग कागदात गुंडाळून नाव घालून ठेव. जे कापावं लागतं, त्यावर महिनाभर विचार.

पेट्रोलचं कुणी सांगितलं की नाही तुला? आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. १९७० च्या गाडीतले रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधली वॉशर, या कशालाच इथेनॉलची सवय नाही. ती फुगतात, चिरतात, गळतात. इंजिन नवंकोरं आणि पाइप जुना, म्हणजे आगीला आमंत्रण. इथेनॉल सोसणारे नवे पाइप आणि नवा पडदा हे पहिल्या खरेदीत घे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन जास्त तापतं. कार्बोरेटरचा मेन जेट थोडा मोठा लागू शकतो. प्लगचा रंग बघून ठरवायचं, पांढराफटक निघाला तर पातळ. आणि इथेनॉल पाणी ओढतं, म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नकोस. शिसं नसलेल्या पेट्रोलची चिंता तुला त्यामानाने कमी. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट वेगळ्या बसवलेल्या असतात, आणि हेड खोललंच आहे तर त्या कडक धातूच्या घालून घेता येतात. बिडाच्या हेडवाल्या अॅम्बॅसेडरवाल्यांची डोकेदुखी मोठी.

गरमीसाठी रेडिएटर आतून नवा करून घे, नुसता धुऊन नको. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत पन्नास वर्षांचा गंज आणि दिल्लीच्या बोअरवेलच्या पाण्याचा क्षार बसलेला असतो. ब्लॉक मशीनशॉपमध्ये असतानाच बाजूची झाकणबुचं काढून उकळत्या रसायनात साफ करायला सांग. नंतर पाणी नाही घालायचं, कूलंट घालायचं, डिमिनरलाइज्ड पाण्यात मिसळून. एवढं केलंस तर मारुतीचं इंजिन आणि एसीचा विषय भाऊजी आपोआप विसरतील. एसी नाही मिळणार, पण गाडी तरी उकळणार नाही.

पार्ट्स. कश्मीरी गेटला जा, जुन्या गाड्यांच्या सामानाची जुनी दुकानं तिथे आहेत. पण यादी घेऊन जा. मी पहिल्यांदा गेले ती किराणा मागावा तसं 'फियाटच्या इंजिनाचं सामान द्या' म्हणाले, आणि काउंटरवरचे चार जण एकदम वर बघायला लागले. मापासकट यादी, जुना पार्ट पिशवीत, आणि 'नया लॉट है या पुराना स्टॉक' हा प्रश्न. जुना, मूळ कंपनीचा, ग्रीसपेपरात गुंडाळलेला मिळाला तर थोडं जास्त दे पण घे. मात्र रबर आणि गॅस्केट जुन्या साठ्यातलं नको, ते डब्यातच वाळून जातं. मायापुरीच्या भंगार बाजाराचं म्हणशील तर बघायला जा, पण अख्खं इंजिन तिथून उचलू नकोस. कुठल्या गाडीचं, कागद आहेत का, चोरीचं तर नाही, काही कळत नाही, आणि नंबर आरसीशी जुळणार नाहीच. भंगारात काय येईल याचा नेम नसतो. २०१० मध्ये विद्यापीठाच्या लिलावात गेलेलं किरणोत्सारी यंत्र त्याच बाजारात उघडलं गेलं आणि एका माणसाचा जीव गेला.

मुंबईतल्या मावशीलाही कामाला लाव. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला फियाटचं सामान माहीत असलेली माणसं अजून आहेत. इतकी वर्षं पार्ट्स मिळत राहिले ते टॅक्सीवाल्यांच्या कृपेने. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, म्हणजे आता जे साठ्यात आहे ते आहे. पद्मिनीचे इंजिनातले बरेच भाग डिलाइटला चालतात, तरी जुन्याशी शेजारी ठेवून ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. आणि पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट सेट हे सगळं घरात जमल्याशिवाय ब्लॉक मशीनशॉपला द्यायचा नाही. खोललेली आणि पार्टसाठी अडलेली गाडी दिल्लीच्या धुळीत उभी राहिली की ती पुन्हा सहसा जोडली जात नाही, अशा किती पाहिल्यात मी.

पैशांचं विचारलंयस. आकडा नाही सांगत, कारण तो तुझा ब्लॉक उघडल्यावर ठरेल. पण जो अंदाज येईल त्यातला एक तृतीयांश बाजूला ठेव आणि कुणालाही सांगू नकोस की ठेवलाय. नवऱ्यालाही नाही. मिस्त्रीला मजुरी टप्प्याटप्प्याने दे: खोलून मोजमापं झाली की एक, मशीनशॉपचं काम तपासलं की दुसरा, इंजिन सुरू होऊन गरम ऑइल प्रेशर नीट दिसलं की शेवटचा. पार्ट्स तू स्वतः घे, बिलं तुझ्या नावावर. त्याला वाईट वाटेल. वाटू दे.

जोडताना तू हजर राहायचं. सुट्टी काढ. प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरकवून तिच्या तोंडाची फट बघायला लाव. ६८ च्या बोअरला वरच्या रिंगेची पाव मिलिमीटरच्या थोडी वर येते, पण डब्यावर कंपनीने लिहिलंय ते खरं. हेडचे नट टॉर्क रेंचने, मधून सुरू करून बाहेर, तीन फेऱ्यांत. 'हाथ का अंदाज़ है मैडम' असं ऐकू येईल, तेव्हा गोड हसून टॉर्क रेंच पुढे करायचा. स्वतःचा विकत घे, भाड्याने मिळेल याच्या भरवशावर राहू नकोस.

रनिंग-इनला मुहूर्त बघ, खरंच. थंडीत हवा बिघडली की ग्रॅप या प्रदूषण रोखायच्या योजनेचा तिसरा टप्पा लागतो आणि दिल्लीसह नॉयडा, गुडगाव, फरिदाबाद, गाझियाबादमध्ये बीएस-३ पेट्रोल गाड्याही बंद होतात. त्या दिवसांत जुनी फियाट बाहेर काढून पोलिसाशी नियमांची चर्चा करत बसायची हौस तुला नसावी. म्हणून पावसाळ्यात मशीनशॉपचं काम, सप्टेंबरमध्ये जोडणी, आणि विंटेजची नोंदणी त्याच्या समांतर. पहिलं सुरू करणं पार्किंगमध्ये, पण जमिनीखालच्या बंद जागेत नको, धुराने गुदमरशील. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० ऑइल घाल, महागडं सिंथेटिक नको, रिंगा बसायला वेळ लावतं. सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फने फिरवून ऑइलचं प्रेशर आलंय ते बघायचं. गरम झालं, थंड झालं, की हेडचे नट परत तपास, टॅपेटची फट परत लाव. पहिलं ऑइल लवकर काढून टाक आणि पांढऱ्या कपड्यावर ओतून बघ. थोडी चमक चालते, तुकडे दिसले तर मला फोन कर, रात्री असली तरी.

जमलं तर तावडूच्या हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियमला एक चक्कर मार, गुडगावहून फार लांब नाही. पोरांना ने, नवऱ्याला ने, आणि भाऊजींना तर ओढून ने. जुन्या गाड्या मूळ रूपात कशा दिसतात ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरातले निम्मे वाद मिटतात.

तर आता रविवारचं. आरसी शोधणं, नंबर घासून फोटो, कॉम्प्रेशनचे चार कोरडे आकडे आणि कमी निघालेल्यांचे ऑइल टाकल्यावरचे ओले आकडे, गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर, रेडिएटरच्या टोपीखाली तेलकट साय दिसते का, आणि डिपस्टिकवर ऑइल दुधाळ तर नाही. एवढंच. सगळं संध्याकाळपर्यंत मला पाठव. आणि मिस्त्रीने 'बस हेड खोलके देख लेता हूँ' म्हटलं, तर सांग, ताई गुडगावहून निघाली आहे, ती आल्यावर.